झाडीपट्टीतला एक मे

१ मे १९९९ रोजी, शनिवारी, भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दिवशी परभणीतून हिंगोली वेगळा निघाला आणि महाराष्ट्रातील जिल्ह्यांची संख्या ३३ वरून ३५ झाली. तारीख अर्थातच सहज निवडलेली नव्हती. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे, जिल्हा परिषदा १ मे १९६२ च्या, विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ १ मे १९९४ चे. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याची, शासकीय जन्मपत्रिका मांडायची तर एकच दिवस पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. त्यांतल्या काही वेळा सत्तेचे ठिकाण गोंदियापासून दूर तरी गेले किंवा जवळ तरी आले. हे राज्यासाठी नेहमी शुभदिन ठरले, गोंदियासाठी दर वेळी तसे ठरले असे नाही.

या तारखेचा जगातला इतिहास त्याहून जुना आहे. १ मे १८८६ रोजी अमेरिकेतल्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप पुकारला. तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट आणि गोळीबार झाला. १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने १ मे हा कामगारांचा दिवस ठरवला आणि पुढच्या वर्षापासून तो पाळला जाऊ लागला. भारतात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला, सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने साजरा झाला.

शिकागोत संप झाला त्या दशकात गोंदियाला रेल्वे नुकतीच आली होती. नागपूर ते राजनांदगाव ही नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला बालाघाट-जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे अरुंद मार्गाच्या लाइनी निघाल्या. चार दिशांना गाड्या जाऊ लागल्या आणि स्टेशनाभोवती गाव वाढले. त्या वेळी भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या: भंडारा, साकोली आणि तिरोडा. पुढे तिरोड्याचे तहसील मुख्यालय गोंदियाला आले. आजचे गोंदिया शहर हे राजाने वसवलेले नाही की नदीकाठी वाढलेले नाही. ते जंक्शनचे गाव आहे. धान, लाख, मोहफूल आणि तेंदूपत्ता हा आजूबाजूचा माल गाडीत चढवण्यासाठी जी माणसे इथे जमली, त्यांच्यात गुजराती, मारवाडी, सिंधी, छत्तीसगडी, पोवार, तेलुगू असे सगळेच होते. गोंदियाच्या बाजारात आजही मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात ऐकू येतात, त्याची मुळे या काळात आहेत.

रेल्वेने आणलेला मोठा धंदा विडीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेतले काही व्यापारी जबलपूरच्या आसपास आले आणि विडीला बाजार मिळवून देण्याचे काम त्यांनी केले. जबलपूर-बालाघाट-गोंदिया या पट्ट्यात तेंदूची पाने दारात मिळत होती, तंबाखू गाडीने येत होता आणि शेतीचे काम संपल्यावर हाताला काम शोधणारी माणसे गावोगाव होती. विडीला यंत्र लागत नाही, त्यामुळे कारखान्याची चार भिंतींची गरजही फारशी नाही. कारखानदार सट्टेदाराला पाने आणि तंबाखू देई, सट्टेदार गावातल्या घरांना वाटून देई आणि आठवड्याला वळलेल्या विड्या मोजून घेई. मजुरी हजारावर. मोजताना खराब ठरवलेल्या विड्या बाजूला काढायच्या, त्याला छाट म्हणतात. छाटीतल्या विडीची मजुरी मिळत नसे, विडी मात्र परत मिळेलच असे नव्हते. आठ तासांचा दिवस ही शिकागोची मागणी इथे लागूच पडत नव्हती, कारण घरी बसून विडी वळणाऱ्या बाईच्या दिवसाला तासच नव्हते. स्वयंपाक, पोर, धानाची रोवणी यांच्या मधल्या फटीत सूप मांडीवर घेऊन ती विडी वळायची. विडी कामगाराला कायद्याने कामगार म्हणून ओळख मिळाली ती १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने, आणि कल्याण निधी मिळाला तो १९७६ मध्ये. म्हणजे कामगार दिनाची कल्पना भारतात रुजून चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर.

याच धंद्यातून गोंदियाचे शिक्षणही उभे राहिले, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. विडी उद्योजक आणि आमदार मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. महाविद्यालयासाठी नागपूरला जावे लागणाऱ्या मुलांना त्यानंतर गावातच शिकता येऊ लागले.

मुंबईत, सोलापुरात गिरण्यांच्या दारात लाल बावटे दिसत होते त्या काळात भंडारा जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हताच. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, तेव्हापासून हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्याच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे काही भाग जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला आणि भंडाऱ्याची उत्तर बाजू कापली गेली. गोंदियाच्या रूपाने १९९९ मध्ये झालेले विभाजन हे भंडाऱ्याचे पहिले विभाजन नव्हते, एवढे त्यातून दिसते.

१९५६ पर्यंत गोंदियाची राजधानी नागपूर होती. रेल्वेने हे अंतर १३० किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस सचिवालयात कागद देऊन रात्री घरी जेवायला परत येऊ शके. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पण्णीकर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. ते झाले नाही. झाले ते असे की भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा सालेकसा-देवरीचा माणूस एका रात्रीत मुंबईचा झाला, आणि त्याची बाजारहाट, सोयरीक, बोली ज्या बालाघाट-लांजीशी होती ती गावे परराज्यात राहिली.

गोंदियाच्या नकाशाचा स्वातंत्र्यानंतरचा इतिहास पाहिला तर त्यात दोनच तारखांची सत्ता दिसते. इथल्या सीमा दिल्लीने बदलल्या त्या १ नोव्हेंबरला, मुंबईने बदलल्या त्या १ मेला. १ नोव्हेंबर १९५६ ला पश्चिमेकडे राज्य बदलले आणि १ नोव्हेंबर २००० ला पूर्वेकडचा शेजारी बदलला. जिल्हा झाला तेव्हा उत्तरेला आणि पूर्वेला दोन्हीकडे मध्य प्रदेशच होता. दीड वर्षात छत्तीसगड राज्य झाले, राजनांदगाव तिकडे गेला आणि नवा जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवरचा ठरला.

१ मे १९६० चा महाराष्ट्र या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मुंबई पुनर्रचना कायदा १९६० च्या एप्रिलमध्ये संमत झाला. त्यात नियत दिवस १ मे ठरला. ३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनावर पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याचे उद्घाटन झाले, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. तो रविवार होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जिने रस्त्यावर रक्त सांडले त्या मुंबईला, आणि १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला धूळ चारणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राला, हा विजयाचा दिवस होता. विदर्भात चित्र वेगळे होते. द्विभाषिक राज्यात काँग्रेसची सत्ता टिकली ती ज्या भागांच्या जोरावर, त्यांत विदर्भही होता. इथल्या अनेक नेत्यांनी महाराष्ट्राला होकार दिला तो १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर. विधिमंडळाचे एक अधिवेशन दर वर्षी नागपुरात घ्यायचे, खर्चात आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचा, अशी त्या कराराची कलमे होती. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते वेगळ्या विदर्भाच्या बाजूने होते. गोंदियाचे म्हणाल तर १९५६ मध्येच मुंबई राजधानी झाली होती, त्यामुळे १९६० मध्ये कागद पाठवायचा पत्ता बदलला नाही. गुजरात वेगळा झाला आणि राज्य लहान झाले, एवढाच तात्कालिक फरक. पण आता परतीचा रस्ता राहिला नाही, हे मात्र त्या दिवशी पक्के झाले.

नव्या राज्यात २६ जिल्हे होते. त्यांतला भंडारा नकाशावर अगदी उजव्या टोकाला. मुंबईहून गोंदियाला रेल्वेने यायला हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. कोल्हापूरहून गोंदियापर्यंत येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याची हद्द न ओलांडता तेराशे किलोमीटरहून अधिक धावते. गाडीचे नाव कोणी ठेवले त्याने नेमके ठेवले, कारण राज्य किती लांबट आहे याचा अंदाज या गाडीत एक रात्र आणि दिवस काढला की येतो.

त्यानंतरचा १ मे १९६२ हा सामान्य वाचकाच्या स्मरणात नाही, पण झाडीपट्टीसाठी तो १९६० पेक्षा जास्त परिणामाचा ठरला. वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात पंचायत राज सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत याचे वर्णन सत्तेचे विकेंद्रीकरण असे येते आणि राज्याच्या बहुतेक भागांपुरते ते खरे आहे. तिथे आधी जिल्हा लोकल बोर्ड होते. त्याच्या जागी अधिक अधिकारांची, अधिक पैशांची जिल्हा परिषद आली.

विदर्भात मात्र आधी वेगळी व्यवस्था होती. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा करून जिल्हा कौन्सिले मोडली आणि जनपद सभा सुरू केल्या. द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे शिल्पकार. बहुधा एका तहसिलीला एक जनपद सभा, निवडून आलेले सभासद, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून महसूल खात्याचाच अधिकारी, असा तिचा सांगाडा होता. शाळा, दवाखाने, रस्ते, कोंडवाडे ही कामे तिच्याकडे. पैसा तुटपुंजा होता आणि नोकरशाहीचा वरचष्मा होता, अशी तिच्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. तरी निर्णय तहसिलीच्या गावी होत. १ मे १९६२ ला जनपद सभा गेल्या, तहसिलीच्या पातळीवर पंचायत समित्या आल्या, पण तिजोरी आणि मुख्य अधिकार भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेकडे गेले. पुणे-साताऱ्याला सत्ता खाली आली, गोंदियाहून ती एक पायरी वर गेली. पुढची ३७ वर्षे गोंदियाच्या बाजूच्या लोकांचा वेगळ्या जिल्ह्याचा जो आग्रह राहिला, त्याचा विचार करताना हा एक मे लक्षात घ्यावा लागतो.

भंडारा गाव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, नागपूरच्या बाजूला आहे. सालेकसा किंवा देवरीच्या माणसाला जमिनीच्या अपिलासाठी, शिक्षकाच्या बदलीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागे. गोंदियात गाडी बदलायची, भंडारा रोडला उतरायचे आणि तिथून पुन्हा मोटार धरून गावात जायचे, कारण भंडाऱ्याचे स्टेशन गावापासून लांब वरठीला आहे. एका कामाला दोन दिवस मोडत. दरम्यान गोंदिया शहर भंडाऱ्यापेक्षा मोठे झाले होते. २०११ च्या जनगणनेत गोंदियाची लोकसंख्या १ लाख ३२ हजारांवर होती, भंडाऱ्याची ९२ हजारांच्या आत. भातगिरण्या, विडीचे कारखाने, घाऊक बाजार सगळे एका गावी आणि कलेक्टर कचेरी दुसऱ्या गावी, अशी ही जोडी होती.

१९८० पर्यंत महाराष्ट्रात नवा जिल्हा करण्याची गोष्ट झाली नाही. ती सुरू झाली १ मे १९८१ ला, अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. त्या दिवशी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १ जुलै १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार. त्यानंतर गोंदिया आणि हिंगोली. कायद्याच्या दृष्टीने जिल्हा करायला विधिमंडळात कायदा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ खाली शासन अधिसूचना काढते, आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवते आणि मग दिवस ठरवते. दिवस ठरवणे सरकारच्या हातात असल्यामुळे तो झेंडावंदनाचा दिवस असला की पालकमंत्र्यांच्या भाषणाला विषय मिळतो आणि मांडवाचा खर्च एकदाच होतो.

१९९४ चा १ मे याच परंपरेतला. संविधानाच्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून कागदावर होती. ती प्रत्यक्षात यायला ३८ वर्षे लागली. राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ चा, आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळे १ मे १९९४ पासून कामाला लागली. सिंचन, रस्ते, वीज यांचा अनुशेष मोजणे हे त्यांचे मुख्य काम होते. मुदतवाढी मिळत मिळत ही मंडळे ३० एप्रिल २०२० पर्यंत चालली. महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी त्यांची मुदत संपली.

१९९९ च्या एक मेला नारायण राणे मुख्यमंत्री होते आणि विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाली. नव्या जिल्ह्यात आज आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगाव. भंडाऱ्याकडे सात राहिले. थोरल्यातून निघालेला धाकटा थोरल्यापेक्षा मोठा निघाला. क्षेत्रफळ ५,२३४ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७. भंडाऱ्याची त्याच वेळी १२ लाखांच्या किंचित वर होती. स्त्री-पुरुष प्रमाण हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, जे राज्यात फार थोड्या जिल्ह्यांना जमले आहे.

वाटणीत दोन्ही घरांना काय मिळाले हे पाहिले तर भंडाऱ्याकडे पितळेची भांडी, तुमसरचा बाजार आणि मॅंगनीजच्या खाणी राहिल्या. गोंदियाकडे जंक्शन, भातगिरण्या आणि बहुतेक जंगल आले. नवेगावबांध, नागझिरा, इटियाडोह, आमगावजवळचे पद्मपूर (वा. वि. मिराशींनी भवभूतीचे जन्मगाव म्हणून ओळखलेले), कचारगडच्या गुहा, हे सारे १ मेनंतर गोंदिया जिल्ह्याचे झाले. कचारगडला माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड भाविक येतात. त्यांच्या यात्रेला जिल्हा कोणता याने कधी फरक पडला नाही, एसटीच्या पाट्या तेवढ्या बदलल्या.

काही गोष्टी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. लोकसभेसाठी दोन्ही जिल्ह्यांचा मोठा भाग एकाच मतदारसंघात राहिला आणि २००८ च्या पुनर्रचनेत त्याला भंडारा-गोंदिया असे जोडनाव मिळाले. दोन्ही जिल्हा परिषदांच्या निवडणुकांचे वेळापत्रकही राज्यापासून निराळे पडले. इतर बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०१२ आणि २०१७ मध्ये झाल्या, या दोघींच्या २०१५ मध्ये, बरोबरीने. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत तिबेटी प्रशासनाच्या कागदांत आजही भंडारा या नावानेच ओळखली जाते. जिल्हा बदलल्याची वर्दी सगळीकडे पोचायला पंचवीस वर्षे पुरत नाहीत.

खेड्यात यापेक्षा वेगळ्याच तारखा महत्त्वाच्या ठरल्या आहेत. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, ३१ मार्च १९५१ रोजी संपली आणि कोहळी समाजाच्या कारागिरीने बांधलेले शेकडो तलाव मालगुजारांकडून सरकारकडे आले. त्यांना आता माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, मासे कोणाचे, हे प्रश्न त्या ३१ मार्चपासूनचे आहेत. कोणत्याही १ मेने ते सुटलेले नाहीत. जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खाते यांच्यात तलावांची वाटणी झाली, तीही आकारमानावर, गरजेवर नाही.

दर वर्षीचा १ मे जिल्ह्यात ठरल्याप्रमाणे पार पडतो. सकाळी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर ध्वजारोहण आणि संचलन, गावोगाव ग्रामपंचायतीपुढे झेंडा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांच्याबरोबर १ मे हा ग्रामसभेचा ठरलेला दिवस आहे. अनेक प्राथमिक शाळांत वार्षिक निकालही याच दिवशी सांगायची रीत आहे, त्यामुळे मुलांच्या लेखी एक मे म्हणजे पास-नापास आणि त्यापुढची लांबलचक उन्हाळी सुटी. नागपुरात आणि विदर्भातल्या इतर गावांत वेगळ्या राज्याची मागणी करणाऱ्या संघटना हाच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात आणि विदर्भाचा झेंडा लावतात. एका चौकात सरकारी सजावट आणि दुसऱ्या चौकात काळ्या फिती, हे दृश्य विदर्भात नवे नाही.

२०१९ चा १ मे शेजारच्या कुरखेडा तालुक्यात रक्ताने माखला. कुरखेडा गडचिरोली जिल्ह्यात असले तरी अर्जुनी-मोरगावच्या माणसाला ते लांबचे नाही, जंगल एकच आहे. आदल्या रात्री दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने आणि यंत्रे जाळली. महाराष्ट्र दिनाच्या दुपारी तिकडे निघालेल्या पोलिसांच्या शीघ्र कृती दलाची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवण्यात आली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक मारले गेले.

या तारखेला कामगार दिन म्हणून पाहायचे तर मैदानाकडे न जाता जंगलाकडे जावे लागते, कारण १ मेला तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची छाटणी, म्हणजे खुटकटाई, होते. मग मोहफूल वेचण्याचे दिवस येतात. एप्रिलच्या अखेरीस छाटलेल्या खुंटांना आलेली पाने तोडण्याजोगी होतात आणि मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत काम चालते. पान कोवळे असेल तर वाळून चुरगळते, जून झाले तर विडीला वळत नाही. मधले दिवस थोडेच आणि वळवाचा पाऊस किंवा गारा पडल्या तर तेही जातात. सुटी घेण्याची सोय या कामात नाही.

घरातली माणसे पहाटे अंधारात निघतात. नऊ-दहापर्यंत पाने तोडून गाठोडे डोक्यावर घेऊन परततात, कारण त्यानंतर उन्हात जंगलात राहवत नाही. अस्वल आणि वाघाची भीती पहाटेच जास्त असते, पण वेळेला पर्याय नाही. दुपारभर ओसरीत किंवा झाडाखाली सारे घर बसते. म्हातारी पाने सारखी करते, मुले मोजतात, कोणीतरी झाडाच्या सालीच्या दोरीने बांधते. महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. हद्दीपलीकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात पुडके ५० पानांचे असते, त्यामुळे सीमेवरच्या गावांत दराची तुलना करताना आधी पाने मोजावी लागतात. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर जातात. तिथे मुनशी ती मोजून वहीत लिहितो आणि पुडकी रांगेने जमिनीवर वाळत घालतात. काही दिवसांनी ती उलटतात, पुरती वाळली की पाणी शिंपडून मऊ करतात आणि पोत्यांत भरतात.

१९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने हाती घेतला. त्याच्या पाच वर्षे आधी मध्य प्रदेशाने तेच केले होते. युनिट ठरवून लिलाव, ठेकेदार, त्याने द्यायची मजुरी आणि स्वामित्व शुल्क, अशी ती पद्धत होती. २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी क्षेत्रातला पेसा कायदा यांनी तिला फाटा फुटला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी २०१० नंतरच्या दशकात स्वतः निविदा काढून पत्ता विकायला सुरुवात केली. कुठे चांगला दर मिळाला, कुठे ठेकेदाराने पैसे थकवले, कुठे ग्रामसभांनी एकत्र येऊन सौदा केला. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या अशा गावांत ठरलेली ग्रामसभा आणि चालू हंगाम एकाच दिवशी येतात, तेव्हा सकाळची वेळ झेंड्याला दिली तरी हजेरी अपुरी राहते. लोक अजून जंगलात असतात.

गोंदिया आणि हिंगोली हे १ मेला झालेले राज्यातले आजवरचे शेवटचे जिल्हे. त्यानंतर झालेला पालघर हा एकच, आणि त्यासाठी सरकारने १ ऑगस्ट २०१४ ही तारीख निवडली.